बंदराच्या खिडकीतलं जेवण

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

मागच्या व्याख्यानात आपण कांटपाशी थांबलो होतो, आणि आज विषय जाहीर झालाय बंदरावरच्या जेवणाचा. एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलंच, "काय हो, निवृत्तीनंतर आता हॉटेलांची परीक्षणं का?" होय, आज एका हॉटेलचं परीक्षणच करायचं आहे. नाटकाचं करतो, कादंबरीचं करतो, तसंच. हॉटेलचं नाव मात्र सांगणार नाही. त्या एका हॉटेलशी आमचं भांडण नाही. तशी हॉटेलं आता कोकणच्या किनाऱ्यावर पुष्कळ झाली आहेत.

जागा सांगतो. हर्णै. दापोली तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचं बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि त्यावर दीपगृह. ज्यांनी हर्णै पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की इथलं पाणी काठाला उथळ. मोठ्या बोटी आत नांगरून राहतात, मासळी लहान होड्यांतून काठाकडे येते, आणि वर्षानुवर्षं तिथे बैलगाड्या चक्क समुद्रात शिरत आल्या आहेत. बैल पाण्यात उभे आणि गाडीत टोपल्या चढताहेत, हे दृश्य आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुळ्यासारखे बघत राहिलो होतो. मग वाळूवर लिलाव होतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

आम्ही उभयता गेलो ते फेब्रुवारीत, संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी. आमची पत्नी मूळची किनाऱ्यावरची, त्यामुळे मासळीच्या बाबतीत घरात तिचा शब्द चालतो. आम्ही घाटावरून आलेले. ज्ञान सगळं पुस्तकी. (हशा) तर लिलावात त्या दिवशी काय होतं? मांदेली होती, ढिगांनी. बांगडा होता, ढोमा होता, बळा होता, म्हाकूल होतं. टोपली पुढे सरकली की पुकारा सुरू व्हायचा आणि आम्हाला आकडा ऐकू येईपर्यंत टोपली उचललेली असायची. चार बायका मिळून एक टोपली घेतात आणि तिथेच वाळूवर आपसात वाटे करतात. मोठा व्यापारी बोलत नाही, नुसता हात करतो. पलीकडे बर्फ फुटतोय, टेम्पो लागलेत, माल मुंबईला, पुण्याला निघालाय. सुरमई आम्हाला कुठे दिसली नाही. पत्नीने एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आज नाय गावली, ताई. चार दिस झाले."

हे लक्षात ठेवा. आता वर जाऊ.

हॉटेल उतारावर, पहिल्या मजल्यावर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर काच, काचेखाली जाहिरातीचा कागद. साधंच, आणि त्यात वाईट काही नाही. पण बंदराकडची अख्खी भिंत काढून तिथे मोठी खिडकी केलेली. त्या खिडकीतून काय दिसतं म्हणून सांगू! मघाशी ज्या गर्दीत आमच्या चपला चिखलात रुतत होत्या, तीच गर्दी आता रांगोळीसारखी दिसत होती. बोटींवरची निशाणं, बैलगाड्या, मागे किल्ला, त्यावर उतरतं ऊन. आवाज नाही, वास नाही. आम्ही खूश झालो. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढची सगळी टीका या खूश होण्यावरच आहे.

मेनूकार्डावर पहिल्याच ओळीत 'बंदरावरची ताजी मासळी'. खाली सुरमई, पापलेट, कोळंबी. थाळी, फ्राय, तंदुरी. शेवटी 'फिश फिंगर'. कशाचे, विचारलं, तर बासाचे. बासा हा तळ्यात वाढवलेला गोड्या पाण्यातला मासा, आपल्याकडे आंध्रात त्याची मोठी शेती आहे. समोर अरबी समुद्र, आणि ताटात तळ्यातला मासा. मांदेली मेनूत नाही. बांगडाही नाही. "बांगडा सर, गिऱ्हाईक मागत नाही," असं गल्ल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं. जून-जुलैमध्ये काय ठेवता, असंही आम्ही विचारलं. ते म्हणाले, "हेच. बारा महिने हेच कार्ड." आता आपल्या राज्यात पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे त्या दिवसांत खिडकीतलं बंदर निजलेलं असणार, होड्या वर ओढून शाकारलेल्या असणार, आणि ताटात मात्र 'बंदरावरची ताजी मासळी' चालू राहणार.

आम्ही सुरमई मागवली. रवा लावून तळलेली तुकडी, तांदळाची भाकरी, सोलकढी. चव? चांगली होती, उगाच नाव ठेवणार नाही. तळण नेमकं, मीठ नेमकं. सोलकढीत लसूण जरा पुढे आला होता, पण तो वैयक्तिक आवडीचा भाग. पत्नीने दोन घास खाल्ले, तुकडीचे पदर बोटांनी सोडवून पाहिले आणि म्हणाली, "अहो, चव ठीक आहे. पण ही बर्फातली आहे, आणि इथली नाही." बस. आम्ही आज तासभर बोलणार आहोत, पण परीक्षण तिथेच पुरं झालं होतं. (हशा)

प्रश्न असा, की हा दोष कशात मोडतो? रूढ परीक्षणात दोन खाती असतात. चवीला इतके गुण, 'व्ह्यू'ला इतके गुण, आणि बेरीज. या हिशेबाने हॉटेल उत्तम. सुरमई चवीला चांगली, देखावा अप्रतिम. मग आम्हाला खटकलं ते कोणत्या खात्यात टाकायचं?

इथे कांट मदतीला येतो आणि अडचणही करतो. १७९० च्या त्याच्या ग्रंथात अगदी सुरुवातीला एक उदाहरण आहे. समोर राजवाडा आहे आणि कुणी विचारतं, हा सुंदर वाटतो का? तेव्हा, कांट म्हणतो, मी नाना उत्तरं देऊ शकेन. पॅरिसला गेलेल्या त्या इरोक्वॉय जमातीच्या सरदारासारखं सांगू शकेन, की त्याला तिथे सगळ्यांत आवडली ती खानावळ. किंवा रूसोसारखा चिडून म्हणेन, की असल्या अनावश्यक गोष्टींवर लोकांचा घाम खर्ची पडतो. कांटचं म्हणणं, ही उत्तरं खरी असतील, पण विचारलेल्या प्रश्नाची नाहीत. सौंदर्याचा निवाडा करताना वस्तूच्या असण्या-नसण्याशी आपला हितसंबंध गुंतलेला नसावा.

आम्ही हे तीस वर्षं शिकवलं. चांगलं शिकवलं, असं विद्यार्थी म्हणत. पण त्या हॉटेलात बसल्यावर लक्षात आलं, की आमच्या टेबलावर राजवाडा, खानावळ आणि घाम हे तिन्ही एकाच वेळी होते. राजवाड्याच्या जागी खिडकीतलं बंदर, सरदाराची खानावळ म्हणजे आमचं ताट, आणि घाम खिडकीच्या पलीकडे दिसतच होता. देखावा आणि पदार्थ यांना बांधणारा धागा म्हणजे मासा. खिडकीतून जे दिसतं तेच ताटात येतं, या समजुतीवर आपण तिथे बसलेलो असतो. ती समजूत काढून घ्या, मग उरतं ते तळलेल्या सुरमईचं एक बरं हॉटेल आणि भिंतीवर टांगलेलं बंदराचं मोठं चित्र. तेव्हा आमचं म्हणणं असं आहे, की अशा जागेचं ताट आणि खिडकी यांचं परीक्षण एकत्रच करावं लागेल. त्या कसोटीवर हे हॉटेल नापास होतं. तिथल्या ताटाला खिडकीची ओळखच नाही.

भरताकडे हे फार स्वच्छ आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून सांगताना त्याने दृष्टान्त घेतला तो जेवणाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेलं अन्न जेवणारे सुमनस लोक जसा रसांचा आस्वाद घेतात, तसा प्रेक्षक नाट्याचा घेतात. 'सुमनस' या शब्दाकडे आपण पुरेसं बघत नाही. मन ठिकाणावर असलेला, जे खातो आहे ते ओळखणारा, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. आस्वादात ओळख आली. पत्नीने तुकडीचे पदर सोडवून पाहिले तो आस्वादाचाच भाग होता. आम्ही भरभर खाल्लं, तिने जाणून खाल्लं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला ताटात अपराधी भाव वाढून हवाय का? मुळीच नाही. अपराधी वाटणाऱ्या गिऱ्हाइकाचा कोळणीला काडीचा उपयोग नाही. तिला मांदेली विकायची आहे. शहरी माणसाने गाड्या भरून यावं, चार पैसे सोडावेत, यात आम्हाला तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी, की ते हॉटेल गिऱ्हाइकाला शिकू देत नाही. पापलेटचंच घ्या. २०२३ साली पापलेट आपला राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं, कारण अंडी घालायच्या आधीच पिल्लं धरली गेली तर पुढे मासळी राहणार नाही. आणि शेजारच्या टेबलावर आलेलं पापलेट तळहाताएवढं! का? थाळीत सबंध मावतं म्हणून. थाळीच्या मापाचा मासा समुद्राकडून मागायचा, आणि खिडकीतून त्याच समुद्राकडे बघत 'वा' म्हणायचं.

वाढणारा मुलगा नेपाळी होता, वीस-बावीस वर्षांचा. दोनदा आम्ही पाणी मागितलं, दोनदा त्याचं लक्ष नव्हतं. खिडकीतून बाहेर बघत होता. आम्ही मनातल्या मनात सेवेचे गुण कापले. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात हाक मारली तेव्हा ओशाळून आला आणि म्हणाला, "सॉरी काका. भाई आहे ना तिकडे, बोटीवर. आज यायचा होता." रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत, हे आम्हाला वाचून माहीत होतं. बोट दिसली का, विचारलं. "नाही अजून," म्हणाला आणि जग घेऊन गेला.

मग आमचा घास जरा अडला, कारण एक जुनी गोष्ट आठवली. ती आजवर कुठल्या व्याख्यानात सांगितलेली नाही.

कोकणातल्या एका महाविद्यालयात आम्ही नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं होतो. तिथे बुलो शिकवत होतो. एडवर्ड बुलो, १९१२ चा निबंध, मानसिक अंतराचा सिद्धान्त. त्याचं प्रसिद्ध उदाहरण समुद्रावरच्या धुक्याचं. जहाजावरच्या माणसाला धुकं म्हणजे धास्ती, उशीर, न दिसणारे धोके. पण तीच व्यवहाराची बाजू क्षणभर दूर सारली, अंतर साधलं, की भोवतीचा तो दुधाळ पडदा विलक्षण सुंदर वाटतो. आम्ही रंगून शिकवत होतो. मागच्या बाकावरचा कोळीवाड्यातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, धुकं असलं आणि बोट आली नाही, की आई जेवत नाही."

वर्ग गप्प झाला. आम्ही तरुण होतो, उत्तर तयार होतं. आम्ही म्हणालो, "बरोबर. यालाच बुलो अंतर कमी पडणं म्हणतो." आणि फळ्यावर लिहिलंही. मुलगा खाली बसला. परीक्षेत त्याने तो प्रश्न सोडवला, आम्ही सांगितला तसाच, धुक्यासकट. आम्ही चांगले गुण दिले.

बुलो चुकला, असं आम्ही आजही म्हणणार नाही. बुलोचं उदाहरण जहाजावरच्या माणसाचं आहे, किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बाईचं नाही. ती आमची चूक. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव मांडले, आणि सौंदर्याची संकल्पना दोन्हींत ताणलेली असते हे दाखवलं. आम्ही ते पुस्तक पानापानावर खुणा करून वाचलं होतं, आणि तरीही त्या पोराला एकाच ध्रुवावरून उत्तर देऊन मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नी आम्हाला लिलावाच्या जागेमागच्या गल्लीत एका घरगुती खानावळीत घेऊन गेली. तिथे कार्ड नाही. बाई दारातच म्हणाल्या, "मांदेली हाय, बांगड्याचं कालवण हाय. सुरमई इचारू नका." कालवणात तिरफळ होतं, मांदेली कुरकुरीत, काट्यासकट खाण्यासारखी. उणं सांगायचं तर तिखट जास्त, माशा पुष्कळ, आणि बसायची जागा कोंदट. खिडकी होती, पण ती शेजारच्या घराच्या भिंतीवर उघडणारी. समुद्र दिसत नव्हता. आमच्याशिवाय कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. शेजारी दोन खलाशी जेवत होते, तेही भिंतीकडे तोंड करून. पण त्या ताटात काल संध्याकाळचा सगळा लिलाव होता. काय गावलं, काय नाही, हे आम्हाला जेवता जेवता कळलं.

वरच्या हॉटेलवाल्याने फार काही करायला नको. दारात एक फळा टांगावा, त्यावर रोज खडूने लिहावं: आज लिलावात अमुक आलं, अमुक नाही. सुरमई बर्फातली असेल तर तसं लिहावं, आम्ही तरीही मागवू. पावसाळ्यात सुकट, सोडे, सुके बोंबील वाढावेत. कोकणात त्या दिवसांत तेच खातात. मांदेली कार्डावर घ्यावी. गिऱ्हाईक मागत नाही, कारण त्याला कुणी नाव सांगितलेलं नाही. खिडकी राहू दे, ती आम्हाला आवडली.

निघताना पायरीवर तो वाढणारा मुलगा भेटला. बोट रात्री दहाला आली, म्हणाला. भावाने काय आणलं, असं पत्नीने विचारलं. आमच्या हे डोक्यातही आलं नसतं. तो हसून म्हणाला, "बांगडा, मावशी. खोलीवर बनवला." ती तिथेच उभी राहून त्याच्याशी कालवणात तिरफळ किती घालायचं यावर बोलत बसली आणि आमची एसटी चुकली. (हशा)

त्या कोळीवाड्यातल्या मुलाला तेव्हा हेच विचारायला हवं होतं, की बोट आल्यावर आई काय रांधते.

थोडं पाणी घेतो. मग प्रश्न घेऊ.