एका सामन्याची खेळाडू : आंतरविद्यापीठ महिला बास्केटबॉल स्पर्धेच्या रचनेची चिकित्सा

प्रस्तावना :
भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या बास्केटबॉलचे एक सर्वोच्च व्यासपीठ म्हणजे भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विद्यमाने होणारी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ महिला बास्केटबॉल स्पर्धा होय. या स्पर्धेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा निकालाच्या अंगाने. विजेते विद्यापीठ कोणते, अंतिम सामना किती गुणांनी जिंकला गेला, एवढ्यावर चर्चा थांबते. प्रस्तुत लेखात निकालाऐवजी रचनेचा विचार केला आहे. ज्या विद्यार्थिनीचे नाव कोणत्याही निकालपत्रात येत नाही, तिच्या पदरात ही रचना काय टाकते, हा या चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे.

स्पर्धेची उतरंड :
राष्ट्रीय विजेतेपदाकडे जाणारा मार्ग तीन पायऱ्यांचा आहे. प्रथम विद्यापीठांतर्गत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते व विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पश्चिम, उत्तर, दक्षिण वा पूर्व यांपैकी आपल्या विभागाच्या स्पर्धेत उतरतो. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. २०२० साली भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेमुळे या उतरंडीच्या माथ्यावर आणखी एक मजला चढला.

माथ्यावरील या वाढीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि शासनाचा निधी, प्रसिद्धी व प्रतिष्ठा ही माथ्याकडे जात असताना पायथ्याची पहिली पायरी मात्र दुर्लक्षित राहते. विद्यापीठांच्या एकूण क्रीडा कामगिरीसाठी १९५६-५७ पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडकही विजयाचेच मोजमाप करतो. किती विद्यार्थिनी प्रत्यक्ष खेळल्या, हा आकडा त्या मोजमापात येत नाही.

बाद पद्धतीचे गणित :
आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा बाद पद्धतीने खेळविले जातात. या पद्धतीचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. सोळा संघ असल्यास एकूण १५ सामने होतात. त्यांत आठ संघ केवळ एक सामना खेळून परततात, चार संघांना दोन सामने मिळतात आणि तीन वा अधिक सामने केवळ चार संघांच्या वाट्याला येतात. म्हणजेच निम्म्या संघांचे क्रीडावर्ष एका सामन्यात संपते.

बास्केटबॉलचा सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. संघात बारा खेळाडू, पण मैदानावर एका वेळी पाचच. त्यामुळे एका सामन्यात प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी १७ मिनिटेही येत नाहीत. पदवीच्या तीन वर्षांत प्रतिवर्षी पहिल्याच फेरीत पराभव झाला, तर स्पर्धात्मक खेळाचा एकूण अनुभव सरासरी ५० मिनिटांचा होतो. महाविद्यालयातील एका तासिकेइतका हा काळ आहे. तीन वर्षांत एकच तासिका घेऊन एखाद्या विषयाची परीक्षा घेतली, तर त्या निकालास गुणवत्तेचे प्रमाण कोणी मानणार नाही.

ही उणीव सर्वांना सारखी जाचत नाही. नागपूर शहरात शिवाजीनगर जिमखाना, धरमपेठ क्रीडा मंडळ यांसारख्या संस्थांच्या मैदानांवर शालेय वयापासून बास्केटबॉल खेळला जातो. पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय महिला संघाच्या कर्णधारपदापर्यंत पोहोचल्या, त्यामागेही लहान वयापासून लाभलेले खेळाचे वातावरण होते. अशा खेळाडूंना महाविद्यालयीन स्पर्धा हा अनेकांपैकी एक मंच असतो. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट येथील विद्यार्थिनीला मात्र हा बहुधा एकमेव मंच ठरतो. नागपूरपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील पुलगावच्या संघाने पहाटे गाडी धरावी, अनुभवी शहरी संघाकडून पराभूत व्हावे आणि रात्री परतावे, एवढ्यावर वर्ष सरते. घरून पुन्हा परवानगी मिळविताना 'एका सामन्यासाठी कशाला जायचे' या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर राहत नाही.

तुलनात्मक विचार :
बाद पद्धत मुळातच सदोष आहे असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल स्पर्धा याच पद्धतीने होते. १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगाधारित भेदभावास प्रतिबंध केला. तेथील प्रमुख क्रीडा संघटना असलेल्या एनसीएएने १९८२ साली ३२ संघांनिशी महिलांची स्पर्धा सुरू केली. २०२२ पासून तीत ६८ संघ असतात. मात्र त्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी प्रत्येक संघ हंगामभर सुमारे तीस सामने खेळलेला असतो. तेथे बाद फेरी हा हंगामाचा शेवट असतो. येथे ती आरंभीच येते. पेरणीआधीच उफणणी करण्यासारखा हा प्रकार आहे.

अमेरिकेतील व्यवस्थाही निर्दोष नाही. २०२१ च्या स्पर्धेत पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा आणि महिलांना वजनांची एक लहानशी मांडणी, अशी तफावत उघड झाली व संघटनेला चौकशी करवून घ्यावी लागली. पुढे २०२४ चा महिलांचा अंतिम सामना सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यास त्या वर्षी सुमारे १ कोटी ४८ लाख प्रेक्षक लाभले. या लोकप्रियतेमागे अर्धशतक रुंदावत गेलेला पाया आहे, हे नजरेआड करता येत नाही.

आक्षेप व पर्याय :
साखळी सामने खर्चिक असतात, सत्र पद्धतीत वेळ मिळत नाही आणि बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा एकच अध्यापक असतो, हे आक्षेप वास्तव आहेत. सोळा संघांची पूर्ण साखळी खेळवायची तर १२० सामने लागतील. तशी मागणी अव्यवहार्यच ठरेल.

परंतु पूर्ण साखळी आणि निव्वळ बाद पद्धत यांच्या मध्ये एक मार्ग आहे. सोळा संघांचे चार गट करून गटांतर्गत साखळी खेळविल्यास २४ सामने होतात. उपांत्य व अंतिम फेरी धरून एकूण २७. म्हणजे बारा सामने अधिक घेतल्यास प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. गट भौगोलिक सान्निध्याने पाडल्यास प्रवासही घटतो. वर्धा, पुलगाव, आर्वी व हिंगणघाट येथील चार संघांचा एक गट कल्पिला, तर त्यांचे सहा सामने एकाच मैदानावर दोन दिवसांत, पहिल्या दिवशी चार व दुसऱ्या दिवशी दोन, असे सहज होऊ शकतात. यासाठी नव्या क्रीडासंकुलाची आवश्यकता नाही. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असे एक सुस्थितीतील मैदान, दोन कडी, पंच आणि मुलींच्या निवासाची सुरक्षित सोय एवढे पुरे आहे.

या पर्यायाचा लाभ विद्यापीठाच्या संघालाही होईल. निवड समितीस एका पराभवावरून खेळाडू पारखावी लागणार नाही. तीन सामन्यांत पहिल्या दिवसाचे दडपण ओसरते व खरी कुवत दिसू लागते.

समारोप :
राष्ट्रीय विजेतेपद ही स्पर्धेची फलश्रुती आहे, तिचे प्रयोजन नव्हे. महाविद्यालयीन क्रीडेचे प्रयोजन शैक्षणिक असेल, तर विद्यार्थिनीला मिळालेल्या सामन्यांची संख्या हा मूल्यमापनाचा पहिला निकष मानावा लागेल. त्या दृष्टीने महाविद्यालयांनी व विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांनी आपल्या वार्षिक अहवालात पदकांसोबत आणखी एक रकाना ठेवणे उचित ठरेल : किती विद्यार्थिनी किती सामने खेळल्या. हा आकडा दरवर्षी छापला गेला, तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा कार्यक्रम आखताना तो विचारात घेणे भाग पडेल.