वास्तुकलेचं व्याख्यान महाडला हवं

नाटक, संगीत, साहित्य यांवर मराठीत रंगून बोलणारे वक्ते आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर 1875 पासूनची. वास्तुकलेच्या वाट्याला मात्र क्वचितच एखादी संध्याकाळ येते, आणि आली तरी विषय किल्ल्यांचा नाहीतर देवळांचा. ज्या इमारतींत आपण राहतो, त्यांच्यावर बोलायला कुणी उभं राहत नाही.

या कलेवरचं गंभीर बोलणं होतं ते मुंबई-पणजीसारख्या शहरांतल्या सभागृहांत, बहुधा इंग्रजीत. पडद्यावर देखणी छायाचित्रं सरकतात. त्यांत माणूस दिसत नाही. मला जास्त खटकतं ते हे, की वक्ता ज्या वास्तूत उभा असतो तिच्याकडे बोटही दाखवत नाही. एनसीपीएच्या टाटा थिएटरात (1980) फिलिप जॉन्सन यांनी प्रेक्षकांना रंगमंचाभोवती पंख्यासारखं बसवलं, आणि ध्वनिक्षेपकाविना गाणं ऐकू जावं म्हणून सिरिल हॅरिस यांनी ध्वनिरचनेचा बारकाईने विचार केला. पणजीच्या कला अकादमीत चार्ल्स कोरिया रस्त्यावरच्या माणसाला उघड्या, सावलीच्या वाटेने थेट मांडवीकडे नेतात. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक आपल्याआधीच येऊन बसलेले असतात. अशा ठिकाणी वक्त्याने दिवे लावायला सांगावं आणि इथूनच सुरुवात करावी. जुलै 2023 मध्ये नूतनीकरणाच्या काळात अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं, तेव्हा गोव्याच्या कलावंतांनी जाब विचारला. वास्तू आपली वाटली, म्हणून.

मराठीत हे जमत नाही असं मुळीच नाही. माधव आचवल स्वतः वास्तुविशारद होते; त्यांच्या 'किमया'ने मराठी वाचकाला प्रकाश आणि अवकाश यांच्याकडे बघायची नजर दिली. अतुल पेठे यांनी अभिवाचनातून ते पुस्तक श्रोत्यांसमोर आणलं. हार्वर्डमध्ये ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे तर कोकणातल्या आचऱ्याचे. तरी वास्तुकला हा विषय कोकणातल्या सभागृहांत जवळजवळ पोचलेला नाही.

कोकणातल्याच महाडला त्याची नितांत गरज आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी इथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली आणि 16 माणसं गेली. इमारत जेमतेम दहा वर्षांचीही नव्हती. पुढच्याच वर्षी 22 जुलैला सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याच पावसात तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. जुन्या घरबांधणीत पाण्याचा विचार होता: जांभ्याचं उंच जोतं आणि वेळेला माल वर चढवायला पोटमाळा. नव्या दुकानांचे गाळे रस्त्याच्या पातळीला, शटर ओढलं की बंद. हा बदल कुणी केला, का केला आणि त्यात काय गमावलं, हा वास्तुकलेच्या समीक्षेचाच विषय आहे. वर्तमानपत्रांत तो फक्त दुर्घटनेच्या बातमीपुरता येतो.

बोलणं आणि जागा यांची सांगड कशी घालायची, हे या गावाने फार पूर्वी पाहिलेलं आहे. नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं कागदावर सर्वांना खुलं केलं होतं. 20 मार्च 1927 रोजी इथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी मंडपातून उठून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. सार्वजनिक जागा कुणाची, यावर महाराष्ट्रात याहून मोठं विधान झालेलं नाही. आज त्याच गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारकाचं प्रेक्षागृह आहे. वास्तुकलेवरची एक मराठी व्याख्यानमाला तिथे सुरू व्हावी, दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत. गवंडी, ठेकेदार, नगरपालिकेचे अभियंते आणि घर घेऊ पाहणारी जोडपी यांना मानाने पुढच्या रांगांत बसवावं. वक्त्याने परदेशी छायाचित्रांऐवजी सावित्रीच्या पूररेषेचा नकाशा आणावा, आणि निम्मा वेळ प्रश्नोत्तरांना ठेवावा. पहिला प्रश्न बहुधा जोत्याच्या उंचीचा येईल, दुसरा सळईचा.