ओळख कोणी कोणाला द्यायची? – ‘एससीपी’ या आज्ञेचे परीक्षण

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. संगणकाच्या आज्ञांचे सहसा कोणी करत नाही. त्या कशा टंकायच्या एवढेच सांगितले जाते. वास्तविक आज्ञा हीदेखील माणसाने केलेली रचना आहे. तिच्यात विचार असतो, तशी ढिलाईही असते. म्हणून आम्ही येथे ‘एससीपी’ ही आज्ञा परीक्षणासाठी घेतली आहे. आपल्या संगणकावरची फाइल दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे पोहोचवणे हे तिचे काम.

आधी थोडी पूर्वपीठिका पाहू. फाइली पाठवण्याचा ‘एफटीपी’ हा संकेत १९७१ साली अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरचे हे पदवीधर तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. जाळ्यावर त्या काळी मोजकेच संगणक होते. एफटीपीमध्ये पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. जाळे पसरले तरी ही पद्धत टिकून राहिली. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असे पासवर्ड चोरून टिपले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी ‘एसएसएच’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ‘एससीपी’ हे तिचेच अपत्य.

तिचा मोठा गुण असा की सारा मजकूर सांकेतिक रूपात जातो. दुसरा गुण त्याहून सुंदर आहे. पासवर्डाऐवजी येथे किल्ल्यांची जोडी वापरता येते. खासगी किल्ली आपल्याच संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात. प्रवेश मागताना आपला संगणक त्या भेटीपुरत्या ठरलेल्या खुणेवर खासगी किल्लीने ‘सही’ करतो. सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने ताडून पाहतो. गुपित जागचे हलत नाही, तरी ओळख पटते. शिवाय ती सही पुढच्या भेटीला चालत नाही. अशा किल्ल्यांची आरएसए ही १९७७ची पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे : दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय कठीण.

आता दोष. सर्व्हरच्या नावापुढे अपूर्णविराम द्यायचा राहिला, तर आज्ञा तक्रार करत नाही. त्या नावाची एक फाइल आपल्याच संगणकावर मुकाट्याने तयार करते. पलीकडे त्याच नावाची जुनी फाइल असेल, तर न विचारता तिच्यावर नवी लिहिते. तिची जुनी कार्यपद्धतीही कच्ची होती. लबाड सर्व्हर मागितलेल्या फाइलीऐवजी भलतीच फाइल देऊ शकतो, हे २०१९ साली उघड झाले. ‘ओपनएसएसएच’च्या कर्त्यांनी त्याच वर्षी ती पद्धत कालबाह्य ठरवली आणि २०२२ मधल्या ९.० आवृत्तीपासून तिच्या जागी ‘एसएफटीपी’ आणली.

परंतु आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. नव्या सर्व्हरशी प्रथम जोडणी करताना पडद्यावर त्याच्या किल्लीचा ठसा उमटतो. आजच्या आवृत्त्यांत तो ४३ अक्षरांचा असतो. ‘पुढे जायचे का?’ असा प्रश्न येतो आणि बहुतेक जण न वाचता होकार देतात. समजा, मध्येच कोणी तोतया सर्व्हर उभा केला आहे. मग आपण दिलेला पासवर्ड वाटेत कोणालाही दिसणार नाही, मोहोरबंद अवस्थेत थेट चोराच्या घरी जाईल! किल्ली वापरली तर गुपित वाचेल, पण पाठवलेली फाइल त्याच्याच हाती पडेल. आपण सर्व्हरला ओळख देतो. सर्व्हरने आपल्याला ओळख देण्याची ही एकच घटका, आणि तीच वाया जाते.

हा दोष निम्मा रचनेचा आहे. ठसा कशाशी ताडायचा हे आज्ञा सांगत नाही. उरलेला निम्मा दोष शिकवण्याचा आहे. ‘येथे येस टंका’ असे छापलेली सूचनापत्रके आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतून विद्यार्थी आज्ञा शिकतो आणि तपासण्याची सवय गमावतो.

उपाय अवघड नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठसा वेगळ्या मार्गाने, छापील कागदावर किंवा समक्ष, द्यावा. ‘ओपनएसएसएच’च्या २०१९ मधल्या ८.० आवृत्तीपासून ‘येस’ऐवजी हा मिळालेला ठसाच उत्तर म्हणून देता येतो, जुळवणी संगणक करतो आणि न जुळल्यास पुढे जात नाही. शाळेत दोन संगणक जोडलेले असतील, तर एका विद्यार्थ्याने सर्व्हरसमोर बसून ठसा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने आपल्या पडद्यावर अक्षर न् अक्षर पडताळावे. दहा मिनिटांचा हा प्रयोग आहे.

एकंदरीत, आज्ञा उपयुक्त आहे, तिच्यामागचे गणित भक्कम आहे. मात्र समोरचा खरा कोण हे कोणतेही गणित आपण होऊन सांगत नाही. ते पडताळण्याचे काम माणसाचे, आणि ते शिकवण्याचे काम शिक्षकाचे.