पुनर्भेट आणि ‘स्मृतिचित्रें’

येत्या नाताळच्या सुटींत अहमदनगर कॉलेजांतील आम्हां जुन्या सहाध्यायांचें संमेलन भरावयाचें आहे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं 1947 सालीं स्थापिलेल्या या महाविद्यालयांतून बाहेर पडल्यावर आमच्यापैकीं पुष्कळांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं. नगराचें नांव 2024 सालीं अहिल्यानगर झालें. आमच्या डोक्यांवरील केसांचे रंगहि पालटले. तरी संमेलनाचें पत्र आल्यापासून आम्ही दिवस मोजीत आहों, हें कबूल केलें पाहिजे.

संमेलनाच्या स्मरणिकेसाठीं आलेले लेख तपासण्याचें काम आमच्याकडे सोंपविलें आहे. ते वाचतांना मात्र उत्साह ओसरूं लागला. लेखक निरनिराळे, लेख एकच. प्रत्येक अध्यापक ऋषितुल्य, प्रत्येक मित्र जिवलग, उपाहारगृहांतील चहा तर साक्षात् अमृत! भांडण, मत्सर, उसने घेऊन न फेडलेले पैसे यांचा कोठेंच मागमूस नाहीं. एवढें प्रेम होतें, तर इतकीं वर्षें कोणीं कोणास पत्र कां लिहिलें नाहीं, असा प्रश्न वाचकास पडल्यावांचून राहणार नाहीं.

याच नगराशीं निगडित असलेल्या एका ग्रंथाची येथें आठवण होते. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ 1934 पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. 1895 सालीं नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. कांहीं वर्षांनीं तो मोडलेला संसार पुन्हा मांडला गेला. सामान्य लेखकानें ही पुनर्भेट अश्रूंच्या पुरांत बुडवून टाकिली असती. लक्ष्मीबाई तसें करीत नाहींत. एकत्र आल्यावरहि त्यांचें सोवळें सुटलें नव्हतें. तें पायरीपायरीनें कसें सुटत गेलें, हें त्या स्वतःस हंसत सांगतात. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचा लहरीपणा, हातांत पैसा न टिकण्याची खोड, यांतील कांहींच त्यांनीं झांकलेलें नाहीं. आणि आश्चर्य असें, कीं यामुळें टिळकांविषयींचा आदर वाढतोच. दोष सांगणारी व्यक्ति त्या दोषांसह वर्षानुवर्षें नांदलेली आहे, हें वाचकास पटतें; म्हणून तिच्या प्रेमावरहि त्याचा विश्वास बसतो. आमच्या स्मरणिकेंतील लेखांस नेमका हाच आधार नाहीं.

असो. दुसऱ्यांचे लेख तपासणारानें स्वतःचा लेखहि तपासावा. वसतिगृहाच्या खानावळीच्या हिशेबावरून एका मित्राशीं आमचें बोलणें तुटलें, तें अद्याप तुटलेलेंच आहे. तोहि संमेलनास येणार आहे. त्याच्या लेखांत आमचें नांव नाहीं. आमच्या लेखांत त्याचें नव्हतें. खरें पाहतां, ज्याच्या भेटीची सर्वांत अधिक ओढ आहे तो तोच. म्हणून तो लेख फाडून आम्हीं दुसरा लिहिला. त्यांत तो हिशेब आहे, आणि आमची चूक किती होती तेंहि आहे. छापावयास देण्यापूर्वीं तो त्यालाच धाडला आहे. उत्तर आलें, तर आमचें संमेलन त्याच दिवशीं सुरू झालें असें समजूं. न आलें, तरी नाताळांत त्याला उतरून घ्यावयास स्टेशनावर आम्हीच जाणार आहों.