जात म्हणजे कोनाडा नव्हे

प्रस्थापित वाङ्मयाची आणि इतिहासलेखनाची चिकित्सा दलित विचारवंतांनी गेली अनेक वर्षे केली आहे. या चिकित्सेमुळेच सौंदर्यशास्त्राच्या नावाखाली कोणाचे जीवन वगळले गेले हे उघड झाले. परंतु विद्यापीठांच्या विज्ञानशाखांत जे संशोधन होते त्याकडे आपण समीक्षकाच्या नजरेने क्वचितच पाहिले. विज्ञान वस्तुनिष्ठ असते, तेथे आकडे बोलतात, तेव्हा तेथे जातीचा प्रश्न येतोच कोठे, अशी एक समजूत यामागे असावी. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवितो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि विज्ञाननिष्ठा हे मूल्य मला बाबासाहेबांच्या विचारातूनच मिळाले. म्हणून विज्ञानाचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. मात्र जे विज्ञान जातीविषयी बोलते, त्याला जातीविषयीचे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

माझ्यासमोर आहे तो १९८३ साली 'ॲनल्स ऑफ ह्यूमन बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा निबंध. भारतीय जातिव्यवस्थेचे अनुकूलनाच्या दृष्टीने काय महत्त्व होते, याचा परिस्थितिकीच्या अंगाने विचार करणारा. हे दोघेही संशोधक साधे नव्हेत. एक बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये परिस्थितिकीचे अध्ययन रुजविणारे, दुसरे मानवशास्त्रज्ञ, इरावती कर्वे यांच्यासह काम केलेले. या निबंधातील विचार पुढे १९९२ साली गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या 'धिस फिशर्ड लँड' या ग्रंथात विस्ताराने आला आणि पर्यावरणाच्या अभ्यासक्रमांत शिरला. एक जुना निबंध म्हणून तो बाजूला सारता येत नाही तो यामुळेच.

निबंधाचा आशय थोडक्यात असा. भारतीय समाज हा हजारो अंतर्विवाही गटांचा समुच्चय आहे. (समाज फुटून जाती झाल्या नाहीत, वेगवेगळे गट एकत्र येऊन हा समाज झाला, हे इरावतीबाईंनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडलेच होते.) हे गट आपसात विवाह करीत नाहीत, म्हणून त्यांची तुलना जीवशास्त्रातील जातींशी, म्हणजे 'स्पीशीज'शी, करता येईल. प्रत्येक गटाचा निसर्गात एक ठरलेला 'निश' आहे, ज्याला मराठीत कोणी कोनाडा म्हणतात. एकाच प्रदेशातील गटांनी साधनसंपत्ती अशी वाटून घेतली होती की त्यांच्यात फारशी स्पर्धा होऊ नये. एखादे साधन पिढ्यान्‌पिढ्या एकाच गटाच्या हाती राहिल्यामुळे ते जपून वापरण्याच्या परंपरा निर्माण झाल्या, आणि या समाजाच्या हजारो वर्षांच्या स्थैर्याला त्यामुळे मोठा हातभार लागला. पुढे साधने संपली, पैशाचे व्यवहार वाढले, आणि परस्परपूरकता जाऊन जातीजातींत संघर्ष आला.

या विचारामागे पाहणी आहे, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास या संशोधकांनी केला होता. तिरुमल नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरीत. फासेपारधी फासे लावून हरणे आणि तितर-लावे पकडीत. वैदू सापळ्यांत मुंगूस, रानमांजरासारखे लहान प्राणी धरीत. तिघे एकाच मुलखात हिंडत, पण एकमेकांच्या शिकारीत फारसे येत नसत. या माणसांना विद्यापीठीय संशोधनाने ज्ञानी मानले, त्यांच्या कौशल्याची नोंद केली, हे या कामाचे श्रेय आहे. ज्यांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः चोर ठरविले, त्या पारध्यांकडे निसर्गाचे जाणकार म्हणून पाहणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग आक्षेप कोठे आहे? जातिव्यवस्था विषम होती हे या लेखकांनी नाकारलेले नाही. आक्षेप असा की ज्या शास्त्रीय कल्पनेचा त्यांनी आधार घेतला, ती कल्पना येथे लागूच पडत नाही, आणि ती का पडत नाही हे त्याच शास्त्राच्या नियमांनी दाखविता येते.

पहिली गोष्ट कोनाड्याची. जंगलात दोन प्रकारचे पक्षी एकाच झाडावर वेगवेगळ्या उंचीवर किडे टिपतात, तेव्हा त्यांच्यात कोणी करार केलेला नसतो आणि कोणी कोणाला शिक्षा करीत नसतो. नैसर्गिक निवडीने त्यांची चोच, त्यांच्या सवयी तशा घडलेल्या असतात. हचिन्सन या परिस्थितिकीतज्ज्ञाने १९५७ मध्ये एक भेद सांगितला, तो मी दरवर्षी वर्गात शिकवितो. जीव आपल्या क्षमतेने जेथे जगू शकेल तो त्याचा मूलभूत निश, आणि इतरांच्या दडपणामुळे प्रत्यक्षात जेथे त्याला राहावे लागते तो वास्तव निश. या भेदाने पाहिले तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. कोण कोणते साधन वापरतो, एवढे मोजून भागत नाही. कोणाला काय वापरू दिले जात नव्हते, आणि कोणत्या बळाने, हेही मोजावे लागते. भटक्यांनी शिकार वाटून घेतली हे दिसले. त्यांना जमीन का नव्हती, हा प्रश्न कोनाड्याच्या कल्पनेत मावत नाही.

महाडचे चवदार तळे हे साधनसंपत्तीच होते. त्या पाण्यावर गुरेढोरे येत, इतर धर्मांचे लोक येत. अस्पृश्याने मात्र ओंजळ भरावयाची नव्हती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी २० मार्च १९२७ रोजी पाणी पिणाऱ्यांवर हल्ला झाला आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागावयास १९३७ साल उजाडले. येथे स्पर्धा टाळण्यासाठी झालेली वाटणी कोठे आहे? पाणी तर सर्वांना पुरेल इतके होते.

याहून अडचणीचे उदाहरण मेलेल्या ढोराचे आहे. माझ्या पणजोबांच्या वाट्याला वेसकरकी होती आणि गावात मेलेले जनावर ओढून नेणे हे त्या वतनाचेच काम होते. परिस्थितिकीच्या भाषेत हे 'साधन' एकाच गटाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले होते. निबंधाचे तर्कशास्त्र येथवर आणले तर महार हा गावाच्या निसर्गसाखळीतील मृतभक्षक ठरतो, गिधाडाच्या शेजारचा. संशोधकांनी असे लिहिलेले नाही, लिहिलेही नसते. परंतु सिद्धान्ताची परीक्षा त्याच्या सोयीच्या उदाहरणांवर होत नसते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, १९२८ मध्ये वतनाच्या गुलामगिरीवर विधेयक आणले. गावोगावच्या लोकांनी ही कामे टाकली. गिधाडे परिषद भरवून आपला कोनाडा सोडीत नाहीत. आणि माणसांनी तो सोडला तेव्हा काय झाले? मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गाव सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे वापरते, हे तिच्या १९३० च्या अहवालात नोंदलेले आहे. दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. ज्या व्यवस्थेत जागा सोडल्याबद्दल दंड होतो, तिचे स्थैर्य त्या दंडाचे आहे. त्याला अनुकूलन म्हणणे शास्त्रीय नाही.

दुसरी गोष्ट 'स्पीशीज'ची. दोन जीवजातींत प्रजोत्पादन सहसा होत नाही, कारण निसर्ग आड येतो. दोन मानवी जातींत ते होऊ नये म्हणून समाजाला पहारा ठेवावा लागतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात नेमके हेच मांडले होते की बहिर्विवाह ही येथील मूळ रीत, तिच्यावर अंतर्विवाह लादला गेला आणि तो टिकविण्याची झळ स्त्रियांनी सोसली. आज प्रयोगशाळा या प्रश्नावर बोलू लागल्या आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांच्या सहभागाने २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. मग ही सरमिसळ थांबली. कल्याणी येथील संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासाने अनेक समूहांत अंतर्विवाह सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी रुजल्याचे सांगितले. म्हणजे ही बंदी इतिहासात केव्हातरी घातली गेली. हजारो वर्षे सहज चालत आलेली ती निसर्गव्यवस्था नव्हे.

अंतर्विवाहाची जैविक किंमतही आता मोजली गेली आहे. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूहांत, मोजक्या पूर्वजांपासून वंश वाढल्यामुळे, अप्रभावी जनुकांच्या आनुवंशिक रोगांचा धोका वाढलेला दिसतो. वैश्य समाजातील काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीबरोबर दिले जाणारे स्नायू शिथिल करणारे औषध बाधते, हे डॉक्टरांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. ज्या प्रथेने माणसे आजारी पडतात, तिचे अनुकूलनमूल्य कोणासाठी, हे विचारावयास नको काय?

आता काळाचा एक योगायोग पाहा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ चे. त्याच सुमारास संशोधक याच महाराष्ट्रात भटक्यांच्या पालांवर नोंदी करीत होते. 'उपरा'तील कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्या विणीत फिरते. परिस्थितिकीच्या तक्त्यात त्याची नोंद होईल : साधन फोक, व्यवसाय बुरूडकाम, क्षेत्र अमुक गावे. परंतु त्या पुस्तकात पोराला शाळेत घालण्याची धडपड आहे, जातीबाहेर लग्न केल्यावर भोगावे लागलेले आहे. तक्त्यातला माणूस तक्त्याबाहेर जाऊ पाहतो तेव्हा त्याचे काय होते, याची ती नोंद आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही तो पुरावाच आहे. आत्मकथन ही भावनेची गोष्ट आणि पाहणी ही ज्ञानाची, ही विभागणी आपण मान्य करण्याचे कारण नाही.

गाडगीळांनी पुढे लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांचा आग्रह धरला, गावाचे ज्ञान गावाच्या नावावर नोंदले जावे म्हणून प्रयत्न केले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा नोंदवह्या गावोगाव करावयाच्या आहेत. त्या करताना कोण कोणती वनस्पती जाणतो याबरोबरच कोणाला कोणत्या पाणवठ्यावर, कुरणात, देवराईत मज्जाव होता व आहे, हा रकाना त्यांत हवा. तो रकाना आपोआप येणार नाही.

आज आपली मुले विज्ञानशाखेकडे येतात ती बहुधा नोकरीच्या वाटेने, आणि ते रास्तच आहे. परंतु त्यांतील काहींनी संशोधनाकडे वळले पाहिजे, परिस्थितिकी आणि जनुकशास्त्र यांच्या मूळ निबंधांपर्यंत पोहोचले पाहिजे, तेथील गृहीतके तपासली पाहिजेत. जातीवरचे विज्ञान आपल्याशिवाय लिहिले जात आहे. त्याला उत्तर द्यावयाचे तर ते घोषणेने देता येणार नाही, त्याच्याच पद्धतीने, पुराव्यासह द्यावे लागेल. कोलंबियात १९१६ साली एका पंचविशीच्या विद्यार्थ्याने ते दिले होते.