प्लंबर, माळी आणि बाळू पालवणकर

दरेकसा स्टेशनच्या बाकड्यावर संध्याकाळी जी मंडळी बसते, तिच्यात क्रिकेटवरून भांडण झालं नाही असा दिवस जात नाही. मागच्या महिन्यात विषय होता भारताचा सर्वकालीन संघ. अकरा नावं, जुने-नवे सगळे चालतील. दहा मिनिटांत नऊ नावं ठरली, आणि त्यातलं एकही नाव १९७० च्या आधीचं नव्हतं. मी म्हटलं, जुने चालतील ना, मग सी. के. नायडू? आपल्या नागपूरचा माणूस. एकानं लगेच फोन काढला, ॲप उघडलं आणि निकाल वाचून दाखवला : सात टेस्ट, ३५० रन, सरासरी २५, शतक एकही नाही. "अबे, याच्यापेक्षा अश्विन बरा! अन् तेव्हा बॉलिंग टाकत होते कोण? दुकानदार अन् कारकून!"

सगळे हसले. मीही हसलो. पण 'दुकानदार अन् कारकून' मला कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं.

घरी जाताना आठवलं. २०२२ मध्ये अमेरिकेत जे. जे. रेडिक नावाच्या निवृत्त बास्केटबॉलपटूनं टीव्हीवरच्या वादात बॉब कूझीबद्दल साधारण हेच म्हटलं होतं. कूझीच्या काळात समोर खेळणारे प्लंबर आणि अग्निशामक दलातले लोक होते, असं. कूझी तेव्हा त्र्याण्णव वर्षांचा होता आणि हयात होता. एनबीएच्या पहिल्या दशकातला हा मोठा खेळाडू, बॉल न बघता पास देण्याची कला ज्यानं लोकप्रिय केली तो. रेडिक पुढे २०२४ मध्ये लेकर्स संघाचा प्रशिक्षक झाला. लेकर्सला पहिलं मोठेपण मिळालं ते जॉर्ज मायकनमुळे, म्हणजे त्याच प्लंबरांच्या काळातल्या एका चष्मेवाल्या उंच माणसामुळे. मायकनला बास्केटजवळ रोखता येईना, म्हणून तिथल्या रेषांची रुंदी १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट करावी लागली. ज्याच्यासाठी मैदानाचा आराखडा बदलतात, त्याचे प्रतिस्पर्धी कमकुवत होते की तो स्वतः जबरदस्त होता, हे कोणतंही ॲप सांगत नाही.

मोजण्याचंही बघा. बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांची सर्वात मोठी ताकद होती समोरच्याचा शॉट हवेत अडवणं. एनबीएनं असे 'ब्लॉक' अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या मोसमात. रसेल १९६९ मध्ये थांबला आणि चेंबरलेनचा शेवटचा मोसम १९७२-७३ चा. म्हणजे हे दोघं जे सर्वात चांगलं करायचे, त्याचा रकाना त्यांच्या नावापुढे रिकामाच आहे. चेंबरलेननं २ मार्च १९६२ ला एका सामन्यात शंभर गुण केले, त्याचं चित्रीकरण नाही. आहे तो एक फोटो, हातात '१००' लिहिलेला कागद धरलेला. आजच्या पोराला हा पुरावा अपुरा वाटतो, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याला सगळं दिसायची सवय आहे.

आता नायडूकडे परत. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा नायडू छत्तीस वर्षांचा होता. (सी. के. ना 'तो' म्हणतोय म्हणून कोणी रागावू नये, आम्ही सचिनलाही 'तो'च म्हणतो.) ज्या वयात आपण खेळाडूला समालोचनाच्या खुर्चीत बसवतो, त्या वयात ॲपचा हिशेब सुरू होतो. त्याआधीचा नायडू त्या सात टेस्टमध्ये नाहीच. १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यानं १५३ केले, दोन तासांच्या आत, अकरा सिक्स मारून. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं बत्तीस सिक्स मारले. पुढच्याच वर्षी विस्डेननं त्याला वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंमध्ये घेतलं. साठी उलटल्यावरही तो रणजीत उत्तर प्रदेशचं कर्णधारपद करत होता. हे सगळं 'सरासरी २५' या दोन शब्दांत कुठं बसवायचं? आमच्या पिढीला त्याचं नाव माहीत आहे ते ज्युनियर स्पर्धेच्या ट्रॉफीचं म्हणून, नाहीतर बीसीसीआयच्या जीवनगौरव पुरस्काराचं म्हणून. ट्रॉफीला नाव दिलं की माणूस सुटला आणि आपणही सुटलो.

पण नायडूचं किमान नाव तरी आहे. मला खरं बोलायचंय ते बाळू पालवणकरबद्दल. त्याच्या टेस्ट रकान्यात शून्यसुद्धा नाही, कारण त्याच्या काळात भारताला टेस्टच नव्हती.

आणि 'प्लंबर' हा टोमणा बाळूला अक्षरशः लागू पडतो. तो खरंच मैदानावरचा कामगार होता. जन्म धारवाडचा, घर चांभाराचं, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात वाढताना साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर तो आणि भाऊ खेळायला शिकले. पारशी क्लबमध्ये पिच झाडायचं काम, महिना तीन रुपये. मग पूना जिमखान्यात, महिना चार रुपये. तिथं रोलर फिरवणं, नेट लावणं, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना सरावासाठी बॉल टाकणं. जे. जी. ग्रेग हा हॅम्पशायरकडून काउंटी खेळलेला तगडा बॅट्समन. तो म्हणे बाळूनं त्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. ही कथा थोडी फुगवलेली असेलही. पण तासन् तास बॉल टाकायला लावून बाळूच्या हातात कधी बॅट दिली गेली नाही, हा तिचा दुसरा अर्धा भाग मला जास्त खरा वाटतो.

थोडक्यात, आपण ज्याला 'हौशी काळ' म्हणून उडवून लावतो त्या काळातला पैसे घेऊन बॉल टाकणारा हा माणूस होता. हौशी समोरचे होते. एखादा अधिकारी हौसेनं तासभर बॅटिंग करून चहाला जाई, आणि बाळू पुढच्या साहेबाला बॉल टाकायला उभा राही. वर्षानुवर्षं, रोज, दर्जेदार बॅट्समनला. आजची कोणती ॲकॅडमी एवढे तास देते? स्पर्धा कमी होती म्हणणाऱ्यांनी या नेटचा हिशेब कुठं धरला?

मग पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं आणि बाळूला घ्यावं की नाही यावर वाद झाला. घेतलं. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावत. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. पुढे तो मुंबईला गेला, रेल्वेत नोकरीला लागला, रेल्वेच्या संघातून आणि हिंदू जिमखान्याकडून खेळला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. हिंदूंचे २४२ आणि १६०, साहेबांचे १९१ आणि १०२. बाळू त्या संघात होता, भाऊ शिवरामही.

१९११ मध्ये पतियाळाच्या तरुण महाराजाच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दहा हरले, जिंकले दोनच, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. या हरणाऱ्या संघात पस्तिशी गाठलेल्या बाळूनं सगळ्या सामन्यांत मिळून ११४ विकेट घेतल्या, सरासरी १९ च्या आत. परकी पिचं, परका थंड देश, समोर काउंटीचे पगारी बॅट्समन. तिथं दुकानदार-कारकून हा आक्षेप पुरता संपतो. त्याची पूर्ण प्रथम श्रेणी कारकीर्द ३३ सामन्यांची, विकेट १७९, सरासरी १५.२१. आणि हे आकडेही सुरू होतात तिशीच्या आसपास, १९०५-०६ पासून. पुण्यातली विशीतली वर्षं, म्हणजे बोटांत सर्वात जास्त दम असतानाची वर्षं, त्यात नाहीत.

इथं मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. कारण बाळूची आठवण आता अधूनमधून निघते. रामचंद्र गुहांनी २००२ च्या पुस्तकात त्याला मध्यभागी आणलं. प्रशांत किदंबींनी १९११ च्या दौऱ्यावर २०१९ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. दोन्ही कामं मोलाची आहेत. पण त्यांवरून ज्या रील आणि पोस्ट बनतात त्या पाहा. मातीचं भांडं, अन्याय, सॅड म्युझिक, 'भारताचा पहिला दलित क्रिकेटपटू', संपलं. बॉल कुठंच नाही. तो डावखुरा स्पिनर होता, वेग बदलायचा, बॉल दोन्ही बाजूंना वळवायचा, न थकता लांबलचक स्पेल टाकायचा, हे त्या तीस सेकंदांत येतच नाही. एका बाजूनं ॲप म्हणतं, हा खेळाडूच नाही. दुसऱ्या बाजूनं पोस्ट म्हणते, हा पीडित आहे, याला हात जोडा. दोन्हीकडे त्याची बॉलिंग कोणी मोजत नाही. मला हे दुसरं विसरणं जास्त बोचतं, कारण ते आदराच्या वेषात येतं.

जात बाजूला काढा असं मी म्हणत नाहीये. ती काढली तर बॉलिंगचं मोलच कळणार नाही. इतक्या वर्षांत सर्वात मोठा बॉलर असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. १९२० मध्ये याच अपमानावरून भावांनी संघातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला कर्णधार केलं आणि संघानं स्पर्धा जिंकली. बॉलरसाठी कर्णधारपद म्हणजे नुसता मान नसतो; फील्ड कुठं लावायची, कोणत्या टोकानं बॉल टाकायचा, कधी थांबायचं, हे दुसरा ठरवतो की आपण, याचा फरक विकेटमध्ये पडतो. १७९ हा आकडा वाचताना हे धरायचं की नाही?

बाळूच्या पुढच्या आयुष्याचं एक टोक आमच्या भागाशी येऊन भिडतं, म्हणून सांगतो. तो काँग्रेसकडे गेला, १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. १९३७ मध्ये मुंबईत तो थेट बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ असा हरला. सतरा वर्षांनी, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती निवडणूक माहीत असते; बाळू मात्र कोणाला माहीत नसतो. पुढच्याच वर्षी, जुलै १९५५ मध्ये, तो गेला.

मित्रांचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. तेव्हाची पिचं झाकत नसत. पाऊस पडून ऊन आलं की स्पिनर राजा. त्यामुळे १५.२१ ही सरासरी उचलून ती बेदीच्या किंवा जडेजाच्या शेजारी ठेवणं हा खोटेपणा आहे. बाळू आज खेळला असता तर पाचशे विकेट घेतल्या असत्या, हे वाक्यही तितकंच पोकळ. आजच्या बॅटनं, आजच्या बाउंड्रीवर त्याला मार पडलाही असता. पण मग न्याय दोन्हीकडे लावा. जडेजाला टाइम मशीनमध्ये बसवून पाठवताना सोबत फिजिओ, बूट आणि प्रोटीनचा डबा देऊ नका. चार रुपये महिना द्या, सकाळी रोलर द्या, आणि मग म्हणा, टाक आता बॉल.

हे मला कबड्डीमुळे कळलं, क्रिकेटमुळे नाही. माझ्या चुलत आजोबांना सालेकशाच्या बाजूला 'बिजली' म्हणत. मातीवर, कंदिलाच्या उजेडात खेळलेले. त्यांच्या किती रेड यशस्वी झाल्या याची नोंद कुठंच नाही, कारण स्पर्धेचा हिशेब वर्गणीच्या पावतीमागे लिहायचे आणि सकाळी त्यात भजी बांधायचे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली आणि तेव्हापासून कबड्डीला आकडे आले. आता आमच्या पोरांना रेड पॉइंटची यादी पाठ आहे, आणि शांताराम जाधव, अशोक शिंदे या अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडूंची नावं घेतली की ते विचारतात, कोणत्या टीमकडून? आजोबा मोबाईलवर मॅच बघताना एकदा म्हणाले, मॅटवर पाय घसरत नाही तर मग हे पोरगं घाबरते कायले? मी तेव्हा हसलो होतो. ते मॅच बघत नव्हते, आपल्या मातीशी तुलना करत होते.

बाकड्यावरच्या त्या संघात शेवटी मी नायडूचा हट्ट सोडला आणि बाळूचं नाव टाकलं. पहिला प्रश्न आला, "रील दाखव." रील नाही म्हटल्यावर आकडे मागितले. मी १९११ चे सांगितले, संघ किती सामने हरला तेही सांगितलं. ॲपवाला थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "हरणाऱ्या टीमकडून एकशे चौदा? काऊन बे, हे कोणी सांगितलं काऊन नाही?" तेवढ्यात बोगद्याकडून मालगाडी आली आणि ती पूर्ण जाईपर्यंत कोणाला काही ऐकू आलं नाही. गाडी गेल्यावर वाद पुन्हा सुरू झाला. डावखुऱ्या स्पिनरची जागा एकच आहे, विनू मंकडला काढायचं नाही यावर एकमत आहे, आणि जडेजाला बाहेर बसवायला अजून कोणी तयार नाही.