शकुनातला पक्षी

भाषांतर करताना इंग्रजीतल्या 'ऑगर' या क्रियापदापाशी मी हमखास अडतो. प्राचीन रोममध्ये ऑगर हा अधिकारी असे. पक्षी कोणत्या दिशेनं उडाले, कसे ओरडले, यावरून तो देवांचा कौल सांगे. आजच्या इंग्रजीत पाऊस, निकाल, बाजारभाव, काहीही 'ऑगर' करतं. पक्षी गेला, पाहणाराही गेला.

आपल्या 'शकुन'चाही संस्कृतातला एक अर्थ पक्षी. पण मराठीत त्याचं क्रियापद झालं नाही, विशेषण झालं: 'अपशकुनी'. आणि ते माणसाला चिकटलं, बहुतेकदा विधवेला.

म्हणून हा शब्द आला की मला केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये विधवा होत्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणलं. आश्रमातल्या बायकामुलींनी त्याचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहायला मनाई आहे. ज्यांचं तोंड सकाळी दिसू नये म्हणत, अशा बायकांच्या छापखान्यातून ती मनाई मराठीत छापून आली.

वर्तमानपत्रं 'ऑगर'साठी 'शुभसंकेत देणे' लिहितात. मी 'चिन्हं बरी दिसतात' असं लिहितो. त्यात निदान कुणीतरी पाहतंय, हे लपत नाही.